सातपर्यंत

चिमटा स्टीलच्या तबकात पडला तेव्हा तो वाजला, आणि वाजत राहिला. एक, दोन, तीन. आपण मोजतोय हे तिला पाचावर आल्यावर कळलं. सहा. सात. सातावर आवाज विरला आणि मग त्या पांढऱ्या खोलीतलं बाकीचं सगळं एकदम आत शिरलं: भिंतीवरच्या घड्याळाचा काटा, बाहेरच्या बाकावर कुणीतरी उलटत असलेलं वर्तमानपत्र, मांडीवरच्या मुलीच्या नाकातली बारीक शिट्टी. ती शिट्टी इतक्या जवळून येत होती की तिने दचकून मुलीकडे पाहिलं. ही कधीपासून वाजत होती कोण जाणे.

"हा घ्या तुमचा ऐवज," कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तबक तिच्यापुढे धरलं. त्यात वाटाण्याएवढा, तपकिरी पडलेला कापसाचा बोळा होता. "आणलं लेकीला आणि निघालं आईच्या कानातून. लेकीचे कान ठणठणीत आहेत, दात येताहेत म्हणून ओढते. मघापासून तुम्हीच उजवा कान पुढे करून ऐकताय, म्हणून म्हटलं बघू. किती दिवस झाले याला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. हे खोटं होतं. बोळा दिसल्याबरोबर तिला दिवस आठवला होता, वार आठवला होता, बसमधली खिडकीची जागासुद्धा आठवली होती. छत्तीस दिवस. त्या दिवशी ती कामाला होती त्या कारखान्याच्या मागच्या अंगणात, इंजिन गार ठेवणारा पंखा फिरवून बघायचं काम चाललं होतं. वाळूच्या पोत्यांनी वेढलेल्या लोखंडी पिंपात नव्या खेपेतला एक पंखा बसवायचा, इंजिनावर फिरतो त्याच्या दीडपट वेगाने तो अर्धा तास फिरवायचा, तुटला तर सगळी खेप भट्टीत परत. तो आवाज सहन होत नाही म्हणून बटणाशेजारी एका डब्यात कापसाची गुंडाळी ठेवलेली असे. पंखा विसाव्या मिनिटाला असताना खिशातला फोन थरथरला. पाळणाघराचा होता. तिने उजव्या कानातला बोळा ओढून काढला, फोन कानाला लावला, "ताप आलाय, नेता का" एवढं ऐकलं आणि ती धावली. बसमध्ये मूठ उघडली तर आत कापसाचा एकच बोळा होता. एकच, हे तिने पाहिलं होतं. दुसरा कुठे गेला हा विचार मनात येण्याएवढी जागा त्या दिवशी तिच्या मनात नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बोळा टाकायला पाय लावून कचऱ्याचा डबा उघडला तेव्हा ती म्हणाली, "तो मला द्याल का?" बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा मुलीकडे पाहिलं आणि काही न विचारता तो कागदात गुंडाळून दिला. आईलोक काय काय जपून ठेवतात हे त्यांना सवयीचं असावं.

बाहेरच्या बाकावर ती मुलीला घेऊन बसली. घरी जायला हवं होतं, पण ती पंखे मोजत राहिली. छत्तीस दिवसांत तिने सात पंखे ऐकले होते. पाहिले नव्हते, ऐकले होते. तिच्या कामाला तेच क्रियापद लागू होतं. घरच्या शेडमध्ये, मोटार बाहेर काढून रिकाम्या केलेल्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी एकेक फळी जोडून स्वतःचं विमान बांधणारी माणसं जगात असतात हे त्या कारखान्यात येईपर्यंत तिच्या गावीही नव्हतं. त्या विमानांची इंजिनं लहान, आणि त्यांना गार ठेवायला पुढे एक पंखा, दोन्ही तळव्यांवर मावेल एवढा, बारा पात्यांचा. तो मिनिटाला सहा हजार वेळा फिरतो आणि इंजिनाच्या अंगावर वारा मारतो. पूर्वीचे पंखे पात्याच्या बुडाशी तडकत. एक पातं सुटलं की ते शेजारच्याला घेऊन जाई, आणि पंख्याविना इंजिन दोन मिनिटांत तापून जाम होई. जमिनीवर दोन मिनिटं काहीच नसतात. तिने ते तुटलेले पंखे टेबलावर मांडून ठेवले, दिवसचे दिवस बघत बसली, आणि एका दुपारी तिला दिसलं की सगळे एकाच जागी हरलेत: पातं जिथे मध्याला भेटतं त्या कोपऱ्यात. तो कोपरा चाकूसारखा होता. तिने तिथे गोलाई दिली. पोट आठ महिन्यांचं, टेबलापासून हातभर लांब बसून, कुशीवर वळून तिने ते चित्र काढलं होतं. "दोन बाळंतपणं एकदम," कारखान्याचे मालक म्हणाले होते. सगळे त्यांना दादा म्हणत. "यातलं कुठलं आधी रडतं बघू." मुलगी आधी रडली. पंखा तीन आठवड्यांनी आला आणि तो रडला नाही, तुटलाच नाही. पिंपात तास तास फिरवूनही तुटला नाही. दादांनी तिच्या घरी फोन करून ते सांगितलं तेव्हा ती मुलीला पाजत होती, आणि आनंदाने तिला रडू फुटलं होतं. यातलं कुठलं बाळ जास्त आपलं, असा एक वाह्यात विचार त्या वेळी येऊन गेला होता. त्याची शिक्षा कधीतरी होणार असं तिला तेव्हापासूनच वाटत होतं.

चित्र कितीही चांगलं असलं तरी पंखा ओतावा लागतो, आणि ओतताना पोटात कुठे चीर राहिली तर ती डोळ्याला दिसत नाही. ती ऐकावी लागते. हे तिला ओताऱ्याने शिकवलं. म्हातारा, भट्टीपुढे उभं राहून पापण्यांचे केस जळालेला. पंखा दोऱ्याला टांगायचा, डाव्या हाताने डाव्या कानाजवळ धरायचा, उजव्या हातातल्या लाकडी मुठीने मध्यावर हलकेच टक् करायचं आणि मोजायचं. "धड असेल तर सातपर्यंत गातो," तो म्हणाला होता. "चीर असली की तीनाच्या आसपास घसा बसतो. मध्ये काही नसतं पोरी. चार-पाच म्हणणारा एक तर बहिरा, नाही तर मालक." तिचा कान इतका पक्का निघाला की महिनाभरात तो तिला कानसेन म्हणायला लागला, मग सगळेच म्हणायला लागले. ऐकून झालं की ती पंख्याच्या मध्यावर, नंबराशेजारी, एक बारीक ठिपका ठोकायची. तो ठिपका म्हणजे तिची सही. पिंपात खेपेतला एकच फिरवतात. बाकीचे सगळे त्या ठिपक्याच्या भरवशावर आकाशात जातात.

बाळंतपणाच्या रजेनंतर ती परत आली तेव्हा ते सगळं तसंच होतं. फक्त तीच थोडी वेगळी झाल्यासारखी लोक तिच्याशी बोलत. "जमेल ना?" "झोप होते का?" "नाहीतर ऐकायचं काम तात्पुरतं कुणाला देऊ?" हे शेवटचं दादांचं, अगदी काळजीने विचारलेलं. म्हणून, त्या तापाच्या दिवसानंतर चौथ्या दिवशी, पंखा कानाजवळ धरून टक् केलं आणि आवाज चारावरच संपला, तेव्हा तिने कुणाला हाक मारली नाही. दुसरा घेतला. चार. तिसरा. चार, फार तर साडेचार. कान जड होता, हे तिला माहीत होतं. सर्दीने असेल म्हणून तिने आदल्या रात्री त्यात कोमट तेलही सोडलं होतं. कानात तेल घालून ऐकणं म्हणतात ते हेच, असा विनोदही नवऱ्याला करून झाला होता. पण त्या टेबलाशी उभं असताना, हातात दोरा धरून, तिला असं वाटलं, किंवा तिने वाटून घेतलं, की या खेपेचा धातूच जरा वेगळा आहे. सगळे जर सारखेच चारावर थांबताहेत तर चार हाच या खेपेचा सात. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओतारी हसला असता. मनातल्या मनात, एका श्वासात, कुणी न बघता, तिने सातचा चार केला.

आणि तेवढंही नाही. बाकावर बसल्या बसल्या मुलीने तिच्या गळ्यातली ओढणी तोंडात घातली, ती सोडवता सोडवता तिला ते स्वच्छ दिसलं, ज्याच्याकडे ती छत्तीस दिवस कानाडोळा करत होती. सात पंख्यांतला एक तीनावर मेला होता. सव्वीस नंबरचा. तिने तो परत वाजवला. तीन. परत. बाहेर पाच वाजले होते, पाळणाघर सहाला बंद व्हायचं, उशीर झाला की तिथल्या बाई मुलीचे बूट घालून तिला दारात उभी करून ठेवत. तिने चौथ्यांदा टक् केलं आणि भरभर मोजलं. एकदोनतीनचार. झाले चार. ठिपका ठोकला आणि ती बससाठी पळाली. मुलगी दारात उभी होती, डावा बूट उजव्या पायात.

तिने बाकावरूनच दादांना फोन लावला. डाव्या कानाला. त्यांचा आवाज किती खरखरीत आहे हे विसरायला झालं होतं.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "खेप पिंपात पास झालीय ना? मग कान काय नि नाक काय."

"पिंपात सव्वीस नव्हता, दादा."

"सोमवारी बघू. शनिवारची सकाळ आहे, लोकांना घाबरवू नकोस."

"शनिवारी आणि रविवारीच उडवतात ते."

मग ते म्हणाले, "सांगायचंच असेल तर ओतकामात शंका आहे असं सांग. ओतारी म्हातारा झालाय, लोक समजून घेतात. कान-कापूस काही बोलू नकोस. कारखाना ज्याच्या भरवशावर चाललाय तो ठिपका आहे, कळलं का? तुझाच आहे तो."

ते वाईट नव्हते. तिला वाचवत होते आणि त्याच हाताने स्वतःलाही, आणि तो हात धरायला सोपा होता.

सव्वीस एका घड्याळजींकडे गेला होता. अकरा वर्षं दुकानामागच्या शेडमध्ये विमान बांधत असलेले ते काका पंखा घ्यायला स्वतः आले होते, मुलीसाठी चावीचं एक पितळी बदक घेऊन. बदक चालायचं कमी आणि पडायचं जास्त. त्यांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत. नाही. मग तिने बाकीच्यांना लावायला सुरुवात केली. बाकावर मुलगी, पिशवी, कागदात बोळा, आणि एकामागून एक पाच फोन, सगळे अनोळखी. एक शिक्षक, एक दाताचे डॉक्टर, दोघे भाऊ जे एकाच फोनवर एकदम बोलत होते, एक माणूस ज्याने तिचं नाव विचारलं आणि तिने कारखान्याचं सांगितलं, आणि एक सुतार. "पंखा वापरू नका, काढून पाठवा. ओतकामात शंका आहे." पहिल्यांदा हे वाक्य बोलताना जीभ अडखळली. तिसऱ्यांदा नाही अडखळली. पाचव्यांदा तर तिने स्वतःहून भर घातली, "आमचे ओतारी वयस्कर आहेत," आणि पलीकडचा सुतार म्हणाला, "चालायचंच हो ताई, माणूस म्हटलं की चुकतो." इतक्या आपुलकीने म्हणाला की तिला बाकावरून उठून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. सहाव्याचा फोन बंद होता, पण त्याचं इंजिन अजून खोक्यातच आहे हे तिला ठाऊक होतं. राहिला सव्वीस.

या वेळी फोन उचलला गेला. बाईचा आवाज, मागे वारा. "ते वर आहेत," घड्याळजींची बायको म्हणाली. "मी मैदानावर आहे. त्यांचा फोन माझ्याकडे देऊन गेलेत. कोण बोलतंय?"

वाऱ्यामागे, फार लांब, एक बारीक सलग आवाज होता. डाव्या कानाने तो पकडला. इंजिन खाली, जाड. आणि त्याच्या वर केसासारखी उंच एक शीळ, पंख्याची. ती शीळ तिने काढली होती. त्या गोलाईतून वारा सुटतो तेव्हा ती येते.

"काकू, पंख्याच्या कारखान्यातून बोलतेय," ती म्हणाली, "त्यांना खाली बोलवता येईल?"

"का गं? गेल्या शनिवारपासून ही तिसरी वेळ उडताहेत, मजेत आहेत. आता उतरले की नातीला घेणार. ती बघ, तासभर शिरस्त्राण घालून बसलीय, पाणी प्यायला काढत नाही." मग आवाज बदलला. "काय झालंय?"

"पंख्याबद्दल शंका आहे. बोलवता येईल?"

"चादर हलवायची असं ठरलंय आमचं. पांढरी." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. गवत. पावलं लांब गेली. आणि मग फक्त ती शीळ. बाकावर ती मान वाकवून बसली, उजव्या कानावर हात ठेवून. मुलीला वाटलं खेळ आहे, तिनेही कानावर हात ठेवला. शीळ एकदा बारीक झाली, एकदा वाढली, विमान वळलं असेल. चीर वाढते तेव्हा शीळ कापरी होते का, हे तिला माहीत नव्हतं. असा पंखा तुटायच्या आधी कधी कुणी इतक्या लक्षाने ऐकलाच नव्हता. कान उघडायचा तर काल उघडता, नाही तर सोमवारी तरी. हा विचार मनात आला आणि त्यातला 'सोमवारी' दादांचा आहे हे तिच्या लक्षात आलं. शीळ खाली आली. जाड झाली. खडखडली. थांबली. त्या शांततेत एक लहान मुलगी जवळून म्हणाली, "आता माझी पाळी?"

घड्याळजी फोनवर आले तेव्हा धापा टाकत होते. "बायको म्हणते पंखा. बोला."

"काढता येईल आत्ता?"

"चार बोल्ट. घड्याळं उघडण्यात जन्म गेलाय, ताई."

"पण लगेच वाजवू नका. गार होऊ द्या. गरम धातूचा आवाज फसवतो." दहा मिनिटं. फोन चालूच राहिला. काकू नातीला काहीतरी सांगत होत्या, नात शिरस्त्राण काढायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाई दारात येऊन बघून गेल्या. मुलगी मांडीवर झोपली, आणि नाकातली शिट्टी पुन्हा सुरू झाली. मग ती सांगत गेली तसं घड्याळजींनी नातीच्या बुटाची नाडी घेतली, पंखा टांगला, फोन त्याच्याजवळ धरायला बायकोला सांगितलं. हातोडीच्या लाकडी मुठीने. टक्.

एक. दोन. तीन.

"परत," ती म्हणाली. हळू मोजलं, जाणूनबुजून हळू, जितकं हळू मोजता येईल तितकं. तीनापर्यंतही गेला नाही.

"काका, हा आता बसवू नका. कधीच."

मग ते म्हणाले, "मला दिसत काही नाही. भिंग लावून पाहिलं." आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, नातीला ऐकू जाऊ नये म्हणून असेल: "तुमचे उपकार झाले. तुम्ही फोन केला नसता तर."

हे नको होतं. शिव्या चालल्या असत्या, शिव्यांसाठी ती तयार होती. हा उपकाराचा शब्द तिच्याकडे रिकाम्या हाताने आला होता आणि तिच्या हातात ते ओताऱ्यावर ढकलणारं वाक्य तयार होतं, पाच वेळा घासून गुळगुळीत झालेलं. ओतकामात चीर होतीच की. खोटं कुठे होतं ते.

"काका," ती म्हणाली, "चीर ओतताना पडली. त्या पडतातच. त्या ऐकायचं काम माझं होतं. माझ्या कानात कापूस होता, छत्तीस दिवस. मला ऐकू येत नव्हतं आणि मला ते कळत होतं. हा पंखा तेव्हाही तीनावर थांबला होता. मी भरभर मोजलं."

वारा. गवत. काकूंनी "काय म्हणतेय?" विचारलं.

"कुठल्या कानात?" घड्याळजींनी विचारलं.

"डाव्या."

"आता येतंय ऐकू?"

"हो."

"मला तुमच्याशी आत्ता बोलवत नाही," घड्याळजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "नात समोर बसलीय. पण बाकीचे परत आले की ते तुम्हीच ऐका. दुसऱ्या कुणाला देऊ नका." आणि त्यांनी फोन ठेवला.

ती बसून राहिली. अशा वेळी हलकं वाटतं म्हणतात, ते काही वाटलं नाही. फक्त सगळं फार स्पष्ट ऐकू येत होतं. पाच माणसांना परत फोन करायचे होते. पण त्यांच्या आधी एक होता. तिने मुलीचं डोकं दुसऱ्या हातावर घेतलं आणि नंबर लावला. भट्टीचा घरघराट आला, मग तो म्हातारा खाकरला.

"बोल, कानसेन," ओतारी म्हणाला.

एक. दोन. तीन व्हायच्या आत ती बोलायला लागली.